दिवाळीच्या आधीचं काम

नाशिक

प्रिय मित्रा,

स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या वस्तीवर मुलांच्या शाळेसाठी नव्याने काम करणारे बहुतेक जण सरकारी योजनांची यादी पाठ करतात आणि घरोघरी सांगत सुटतात. यादी मोठी आहे खरी. पण मुलाची शाळा सुटते ती योजना नसते म्हणून नाही, तर एका शाळेतून उठून दुसऱ्या शाळेत बसेपर्यंत मधे जे दिवस जातात, त्यात सुटते. ते दिवस तू सांभाळायचे आहेत.

सुरगाणा, पेठ भागातली कुटुंबं दिवाळीच्या आसपास दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांवर येतात. छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं) करत काढणी संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, मुक्काम बागेतच. म्हणून तुझं काम सप्टेंबरातच सुरू व्हायला हवं. गावच्या मुख्याध्यापकांना भेट आणि जाणाऱ्या प्रत्येक मुलाचं शिक्षण हमी कार्ड भरून घे. ते दाखवून मूल बागेजवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसतं आणि गावच्या पटावरचं नावही टिकतं. शाळा सोडल्याचा दाखला मात्र काढू देऊ नकोस. तो काढला की पटावरून नाव जातं आणि उन्हाळ्यात परत आल्यावर सगळं पहिल्यापासून. नव्या शाळेत कोणी 'आधी दाखला आणा' म्हणालं, तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम ५ दाखव. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही, ते कलम १४. आवाज न चढवता सांग, कारण उद्या त्याच बाईंच्या वर्गात आपलं पोर बसणार आहे.

कार्ड हातात असूनही पाचवी-सहावीतली मुलगी बागेतच दिसेल. तिच्या कडेवर बघ. धाकटं भावंड असतं. ते तीन वर्षांचं झालं असेल तर आधी त्याचं नाव अंगणवाडीत घाल, थोरली मोकळी होईल. त्याहून लहान असेल तर सोपा उपाय नाही. चार-पाच घरांनी मिळून एखाद्या आजीला बाळांजवळ बसवावं लागतं, आणि हे आयांशी संध्याकाळी, चुलीपाशी बसूनच ठरतं. माझ्या मते या एका गोष्टीने जेवढ्या मुली शाळेत राहतात, तेवढ्या कुठल्याही शिष्यवृत्तीने राहत नाहीत.

आता शिष्यवृत्तीच्या आणि योजनांच्या पैशांचं. आई सांगेल, 'खातं आधारला जोडलंय.' ती खोटं बोलत नसते. पण बँकेत आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधली देवाणघेवाण सांभाळणाऱ्या संस्थेकडे, त्या खात्याचं सीडिंग (आधार क्रमांकाशी जोडणी) होणं वेगळं. आधारवर पाठवलेला डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा, पैसा शेवटचं सीडिंग ज्या खात्याला झालंय तिथे जातो. मग शाळेने नोंदवलेल्या खात्यात शून्य, आणि पैसे दुसऱ्याच पासबुकात पडलेले. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, त्यामुळे मुलाच्या खात्यात अधूनमधून शंभर रुपये भरायला सांग. आधार आणि शाळेचं रजिस्टर शेजारी ठेवून नाव अक्षर अक्षर ताडून बघ. एकीकडे 'सोनू', दुसरीकडे 'सोनाली', एवढ्यावर अर्ज परत येतो. आधारसाठी वयाच्या पाचव्या वर्षी बोटांचे ठसे पहिल्यांदा आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. पंधरावं नेमकं नववी-दहावीत येतं, आणि तेव्हा याची कुणालाच आठवण नसते.

आठवीतल्या हुशार मुलांना एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसव. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, शाळा सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक संस्थेची हवी. शासकीय आश्रमशाळेतल्या निवासी मुलांना मात्र ही मिळत नाही, त्यांना उगाच आशा लावू नकोस. निवड झाली की काम संपलं असं वाटतं, आणि तिथेच घात होतो. शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं, त्याला आधी शाळेची, मग जिल्ह्याची मंजुरी लागते. शाळेत ज्यांच्याकडे लॉगिन आहे त्यांना शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी भेट.

नाशिक शहरात सातपूर-सिडकोकडे सेंट्रिंग, गवंडीकाम, बिगारी करणाऱ्या आईबापांना विचार, बांधकाम कामगार मंडळात नोंद आहे का. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंद जिवंत असेल तर पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवी २,५०० आणि आठवी ते दहावी ५,००० रुपये वर्षाला मिळतात, पण ७५ टक्के हजेरी हवी. वडील वारलेलं किंवा पालक सांभाळू शकत नाहीत असं मूल भेटलं, तर बालसंगोपन योजनेचा अर्ज महिला व बालविकास कार्यालयात दे. २०२३ पासून महिन्याला २,२५० रुपये आहेत, आदेश बाल कल्याण समिती काढते. मृत्यूचा दाखला बहुतेकदा कोणी काढलेलाच नसतो, तिथून सुरुवात कर.

जातीच्या दाखल्याला महिने जातात. घराण्याच्या जातीचा पुरावा १९५० च्या आधीचा लागतो, की १९६१ च्या, की १९६७ च्या, हे प्रवर्गावर ठरतं: अनुसूचित जाती-जमातींना १९५०, विमुक्त-भटक्यांना १९६१, ओबीसींना १९६७. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा मिळाला तर निम्मं काम होतं. मूल सहावीत असतानाच हे हाती घे, दहावीच्या सुट्टीत सेतूवर, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी केंद्रावर, रांग असते.

वहीत प्रत्येक मुलाला एक पान दे. वर नाव आधारवर आहे तसं, खाली गावची शाळा, बागेजवळची शाळा, खातं कुठल्या बँकेत, आणि मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाचा फोन नंबर. बाग बदलली की नवा पत्ता त्याच्याकडेच असतो.