'ॲक्सेंट सुधारेल का' असं विचारलंयस म्हणून

तुझा प्रश्न काल वाचला आणि डोक्यातून जाईना. टीवायला इंग्लिश घेतलंयस, पुढे युकेला जाऊन इंग्लिशच्या बोलींवर एमए करायचंय, लीड्स, शेफिल्ड की न्यूकॅसल ते ठरत नाहीये, की आधी एक सेमिस्टर एक्स्चेंजवर जाऊन बघावं, एकटं वाटतं का, आणि शेवटी हळूच 'माझा ॲक्सेंट सुधारेल का'. मी सुट्टीवर भांडुपला आईकडे आलेय, जेट लॅगमुळे पहाटे तीनला टक्क जागी, बाहेर पाऊस, म्हणून लांबलचक लिहितेय. तुला 'तू'च म्हणते, चालेल ना, माझ्या भाचीएवढी असशील.

व्हिसा, फी, बँकेत किती पैसे दाखवायचे, हे सगळं सरकारी साइटवर आहे आणि नियम सारखे बदलतात, तिथेच वाच. शिवाय मी २०१४ ला गेले ती नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर, मुलगा सहा वर्षांचा, एमए नंतर केलं, म्हणजे तुझा रस्ता वेगळा. पण एक गोष्ट कुठल्याच साइटवर नाही, ती म्हणजे नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव अशी आगगाडी असते, तिकडच्या फॉर्मला हवं फक्त नाव आणि आडनाव. कोणीतरी आगगाडीचा शेवटचा डबा आडनाव समजलं आणि माझं ऑफर लेटर आईच्या नावाने आलं. आई खूश, आमच्या मालवणीत 'माका ॲडमिशन गावला' म्हणून अख्ख्या बिल्डिंगला सांगून आली. मला मात्र त्यापुढे ॲफिडेविट, नोटरी, लग्नानंतरच्या नावाचं गॅझेट, आणि ट्रान्सक्रिप्टसाठी भावाला चार खेपा. दर वेळी खिडकी बंद, दर वेळी वेगळं कारण, चौथ्या वेळी तर 'फॉर्म जुना आहे, नवीन डाउनलोड करा', आणि नवीन फॉर्म म्हणजे तोच, फक्त वरचा लोगो मोठा. अजून आठवलं की डोकं फिरतं. आणि एवढं करून, मुंबईत पाच वर्षं इंग्लिश साहित्य शिकून, इंग्लिश येतं हे दाखवायला परीक्षा द्यायचीच.

एक सेमिस्टर पुरत नाही असं माझं मत. पहिले दोन महिने घरमालक काय बोलतो तेच कळत नाही. शेफिल्डला बस ही 'बुस' असते आणि कप हा 'कुप'. ड्रायव्हर, चांगला धिप्पाड मिशीवाला, माझ्या नवऱ्याला 'लव' म्हणाला, तिकडे कोणालाही म्हणतात तसं, हा घरी येईपर्यंत लाल. कँटीनमध्ये पाव मागायचा तर शेफिल्डला 'ब्रेडकेक', मँचेस्टरला 'बार्म', नॉटिंगहॅमकडे 'कॉब', न्यूकॅसलला 'स्टॉटी', जरा इकडेतिकडे असतील पण सगळे पावच. दुकानावर 'नाइन व्हाइल फाइव' म्हटलं तर नऊ ते पाच, कारण यॉर्कशरमध्ये, म्हणजे शेफिल्डच्या त्या भागात, 'व्हाइल' म्हणजे 'पर्यंत'. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे 'धाउ', ते पुस्तकातलं जुनं 'तू', तिकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी 'धा' आणि 'धी' होऊन अजून जिवंत आहे. शेफिल्डवाले त्याचा उच्चार 'दी-दा' असा करतात म्हणून शेजारचे बार्न्सलीवाले त्यांना 'दी-दार' म्हणून चिडवतात. आणि एखाद्याने उगाच सलगी केली तर 'डोन्ट धी धा मी', म्हणजे मला अरे-तुरे करू नकोस. वर्गात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले, कारण बाकीच्यांच्या भाषेत अरे-तुरेच नव्हतं.

अभ्यासाचं म्हणशील तर रोमँटिक काही नाही. कान ठेवून एकेक स्वर लिपीत उतरवायचा, सॉफ्टवेअरवर त्याचे पट्टे मोजायचे, माणसं रेकॉर्ड करायच्या आधी परवानगीचे फॉर्म. एका तासाचं रेकॉर्डिंग लिहून काढायला आठवडा गेला माझा. पण इंग्लंडभरच्या बोलींचा लीड्सचा जुना सर्व्हे बघितलास की वेड लागेल. हॅरॉल्ड ऑर्टन आणि ऑयगेन डीट या दोन भाषाअभ्यासकांनी आखलेला, १९५० ते १९६१, ३१३ गावं, १३०० च्या वर प्रश्न, आणि उत्तरं देणारे बहुतेक खेड्यातले म्हातारे पुरुष, गाव कधी न सोडलेले. शब्द स्वतः उच्चारायचा नाही, वस्तू दाखवून किंवा वर्णन करून समोरच्याच्या तोंडून काढायचा. त्याच सर्व्हेत फिरलेले स्टॅन्ली एलिस, त्यांनी १९७९ मध्ये पोलिसांकडे आलेली, 'तो खुनी मीच' असं सांगणारी टेप ऐकून बोलणारा संडरलंडच्या कासलटाउन भागातला आहे असं सांगितलं. टेप खोटी निघाली, खरा खुनी ब्रॅडफर्डचा, पण टेपवाला २००५ मध्ये सापडला तो संडरलंडचाच. 'याचा उपयोग काय' असं तुझे बाबा विचारतील तेव्हा ही गोष्ट सांग, माझ्या सासऱ्यांवर चालली होती. सर्व्हेच्या रेकॉर्डिंगसाठी लीड्स, टाइन नदीकाठच्या, म्हणजे टाइनसाइडच्या बोलीसाठी न्यूकॅसल, बाकी तुझं तू बघ.

एकटेपणा वाटतो. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळ तासभर मागे जातं आणि नोव्हेंबरात चारच्या सुमारास अंधार. जाड सॉक्स घे, कुकर घे, रविवारी घरी फोन कर. होतं सगळं.

आता जे सांगायचं नव्हतं ते. मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर घरी कुठली भाषा बोलता असा रकाना होता, मी प्रामाणिकपणे 'मराठी' लिहिलं. त्याची गणना 'इंग्लिश ही जादाची भाषा' असलेल्या मुलांत झाली. दादरच्या इंग्लिश मीडियममधून गेलेला, गोष्टीची पुस्तकं सलग वाचणारा मुलगा, त्याला वर्गाबाहेर पॅसेजमध्ये छोट्या टेबलावर बसवून सफरचंदाचं चित्र दाखवत होते. मी जाऊन बोलले तर बाई इतक्या प्रेमाने हळूहळू बोलल्या, एकेक शब्द सुटा करून, की मला भांडताच येईना. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, आजपासून घरात मराठी बंद. दोन वर्षं! आणि त्यातलंच एक वर्ष मी युनिव्हर्सिटीत बसून कुठलीच बोली हलकी नसते यावर निबंध लिहीत होते, मार्कही चांगले पडले. तिकडच्या बोलीत 'आय वॉज'चं 'आय वर' होतं, तर पोरगा शाळेतून 'आय वर सॅट देअर' म्हणत यायचा आणि मी, अख्खा सर्व्हे वाचलेली बाई, स्वयंपाकघरातून ओरडायची, 'वर' नाही, 'वॉज'!

हे कुठून आलं तेही माहितीये. मी चौथीत वर्गात 'खंय' म्हटलं होतं, घरी आई म्हणते तसं. बाईंनी उभं करून दहा वेळा 'कुठे' म्हणायला लावलं, पोरं हसली, त्यानंतर मी आईला मैत्रिणींसमोर बोलूच द्यायची नाही. म्हणून तुझ्या 'सुधारेल का'वर अडकले गं. ॲक्सेंट बदलेल, नक्की बदलेल, माझाही बदलला, मुंबईत रिक्षावाला मला आता हिंदीत उत्तर देतो. सुधारला का ते विचारू नकोस. आणि बोलीच शिकायला निघालीयस तर मुलाखतीत हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नकोस, समोरचे हसून घेतात आणि मग खाली काहीतरी लिहितात.

मराठी परत सुरू केलं, पण तोपर्यंत तो आठ वर्षांचा झाला होता, मी मराठीत विचारायची, तो इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचा, अजून तसंच आहे. आता सतरा वर्षांचा आहे, हॉलमध्ये पंख्याखाली आडवातिडवा झोपला होता, हे लिहीपर्यंत उजाडलं आणि आई उठलीय. त्याला हलवून विचारतेय, 'झिला, काय होया तुका?' आणि हा डोळे न उघडता, अस्सल शेफिल्डमध्ये, 'नाउट', म्हणजे काही नको. आईने तवा ठेवला, घावणे घालतेय.

थांबते. मार्कशीटवरचं नाव पासपोर्टशी जुळतं का ते आजच बघ, खरंच.