वाचकांचे प्रश्न : बॉक्सिंग रिंगमधले काल आणि आज

प्रश्न : मुहम्मद अली हात खाली सोडून लढायचा. आजच्या काळातल्या युक्रेनच्या हेवीवेट उसिकसमोर ते चाललं असतं का?

१९६६-६७चा अली असेल तर चाललं असतं, पण अवघड गेलं असतं. त्याचा बचाव हातांत नव्हता, पायांत होता. ठोसा आला की कंबरेतून मागे कलायचं आणि बोटभर अंतराने तो चुकवायचा. पाय जड झाले की हेच मागे गेलेलं डोकं हुकच्या (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाच्या) वाटेत येतं. शिवाय उजवा अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) मारताना अली ताठ उभा राहायचा आणि उजवा हात हनुवटीपासून सुटायचा. प्रतिस्पर्धी जो फ्रेझरच्या कोपऱ्यातले प्रशिक्षक एडी फच यांनी ते हेरलं आणि त्याच क्षणी डावा हुक घालायला सांगितलं. ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १५व्या फेरीत याच डाव्या हुकने अली आडवा झाला.

उसिकची उंची आणि हातांचा आवाका जवळजवळ अलीइतकाच, म्हणजे अलीला नेहमी मिळणारा अंतराचा फायदा इथे नाही. त्यात उसिक डावखुरा. तो उजवं पाऊल समोरच्याच्या डाव्या पावलाच्या बाहेर रोवतो आणि डावा सरळ ठोसा मधून काढतो. १९६६ मध्ये फ्रँकफर्टला डावखुऱ्या मिल्डेनबर्गरने अलीला १२व्या फेरीपर्यंत झुंजवलं होतं, आणि उसिकचे पाय त्याच्याहून कितीतरी सरस आहेत. आमचा कौल : त्या काळातला अली, गुणांवर, निसटता. १९७०नंतरचा अली असेल तर उसिक.

प्रश्न : उंची कमी आहे, म्हणून माइक टायसनसारखा पीकाबू पवित्रा (दोन्ही ग्लोव्हज चेहऱ्याशी धरून) घेतो. तरी जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) खातोच. काय चुकतंय?

बहुधा डोकं हलतंय, पण एकाच तालात. समोरच्याला ताल कळला की तो डोकं कुठे येणार तिथे आधीच ठोसा ठेवतो. ग्लोव्हज गालफडांवर, कोपरं बरगड्यांना, हनुवटी आत. खांद्याच्या उंचीवर दोरी बांधा आणि तीन-तीन मिनिटं तिच्याखालून डावी-उजवीकडे पुढे सरका. वाकायचं गुडघ्यांतून. कंबरेतून वाकलात तर नजर जमिनीकडे जाते आणि अपरकट दिसतच नाही. प्रत्येक वेळी डोकं बाजूला गेलं की तिथूनच ठोसा निघाला पाहिजे; नुसतं हलणं म्हणजे दम वाया घालवणं. आणि आत शिरताना स्वतःचा जॅब हवाच. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत टायसन प्रतिस्पर्धी बस्टर डग्लससमोर डोकं न हलवता, एकेक ठोसा मारायला सरळ आत जात राहिला. डग्लसचा आवाका सुमारे ३० सेंटिमीटरने जास्त होता. त्याने जॅबने टायसनला लांब ठेवलं आणि दहाव्या फेरीत अपरकटने सुरुवात करून संपवलं.

प्रश्न : पूर्वीचे १५ फेऱ्या लढत. म्हणजे ते जास्त दमदार होते ना?

तसंच नाही; ते दम वेगळ्या हिशेबाने, १५ फेऱ्यांत विभागून वापरत. नोव्हेंबर १९८२ मध्ये अमेरिकेच्या मॅन्सिनीविरुद्ध १४व्या फेरीत कोसळलेल्या कोरियन बॉक्सर किम दुक-कूचा मृत्यू झाला, त्यानंतर हळूहळू बॉक्सिंगच्या सगळ्याच संघटनांनी जगज्जेतेपदाच्या लढती १२ फेऱ्यांच्या केल्या. आज पहिल्या मिनिटापासून वेग जास्त असतो, सावरायला फेऱ्या उरत नाहीत. फ्रेझरचा १५व्या फेरीतला तो हुक मात्र आजच्या नियमात पडलाच नसता. तीन फेऱ्या आधीच घंटा झाली असती.