शेजारच्या अंगणातले झेंडे

ताई, पॉइंट लिसासच्या नोकरीसाठी त्रिनिदादला यायचं ठरतंय, पण पसंत पडलेल्या घराशेजारी बांबूंवर रंगीत झेंडे आहेत, रात्री ढोल वाजतात आणि एजंट 'ओबिया आहे', म्हणजे जादूटोणा, म्हणाला, म्हणून घर घ्यावं का असं विचारलंत. मुलं लहान, काळजी कळते.

खुशाल घ्या. झेंडे इथे हिंदूंच्या दारातही असतात, पूजा झाली की झंडी रोवतात. ढोल आहेत म्हणजे शेजारी बहुधा ओरिशा या आफ्रिकेतून आलेल्या धर्माचं ठाणं असणार. शांगो, ओगुन, ओशून ही पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची दैवतं, प्रत्येकाचा झेंड्याचा रंग ठरलेला. उत्सव काही रात्री चालतो, ढोलावर देव अंगात येतो. जत्रेत अंगात आलेलं पाहिलं असेल तर दचकणार नाही. कोंबडा-बोकड कापतात, शाकाहारी असाल तर हे आधीच माहीत असू द्या.

'ओबिया' हा शब्द मात्र तोंडातून काढू नका. इंग्रजांच्या कायद्याने मारलेला जादूटोण्याचा शिक्का आहे तो. मी नवा असताना शेजारच्या मावशींना गमतीत विचारून बसलो, पंधरा दिवस बोलल्या नाहीत. त्या स्पिरिच्युअल बाप्टिस्ट. घंटा वाजवत, मोठ्याने प्रार्थना करणाऱ्या या ख्रिस्ती पंथावर १९१७ साली बंदी आली, ती ३० मार्च १९५१ ला उठली. आता ३० मार्चला देशभर सुट्टी असते.

पुढे त्यांनीच मला प्रार्थनेला नेलं. मधल्या खांबापाशी पितळी तांब्या, पाण्याने भरलेला, तोंडाशी फुलं खोचलेली. त्याला त्या 'लोटा'च म्हणतात! १८४५ पासून आलेल्या हिंदुस्थानी मजुरांकडून उचललेला. डोक्याला पांढरं फडकं बांधलेल्या एका बाईने त्यातलं पाणी चारी कोपऱ्यांत शिंपडलं. मी कलशच समजून बघत राहिलो. पण 'हे तर आपलंच' असं त्यांना ऐकवू नका. आपल्या लोकांना ती खोड आहे. लोटा आपला असेल, प्रार्थना त्यांची आहे, आणि तिच्यासाठी त्यांनी तुरुंग पाहिलाय.

बोलावलं तर जा. डोकं झाकून, पँटऐवजी लांब स्कर्ट किंवा साडी, फोटो विचारल्याशिवाय नाही.

घरमालकाला पाण्याची टाकी केवढी आहे ते मात्र नक्की विचारा. नळाला रोज पाणी येईलच असं नाही, आणि ढोल काही रोज वाजत नाहीत.