पावसाळ्यात घोडीच्या पाठीवर खपल्या येऊन केस निघतायत. हा नायटा आहे का? काय लावू?

तुम्ही लिहिलंय की खाज फारशी नाही, पण खरारा करताना पाठीवरून आणि पुठ्ठ्यावरून केसांचे झुपके हातात येतात. मला तरी हा नायटा वाटत नाही. भिजणाऱ्या घोड्यांना होतो तो डर्माटोफिलस या जिवाणूचा संसर्ग असावा. आमच्या माथेरानच्या पावसात हा नेहमीचाच.

एक सैल झालेली खपली उचलून उलटी करा. केस तिच्यात आरपार अडकून रंगाच्या ब्रशासारखे दिसत असतील आणि खालची कातडी ओली, गुलाबी, थोडी पुवाळलेली असेल, तर हाच. नायट्याचे चट्टे गोल असतात, केस मुळाशी तुटतात, वर राखाडी कोंडा. तो बहुतेक तंगाच्या (खोगीर आवळायच्या पट्ट्याच्या) नाहीतर खोगिराच्या जागी येतो.

आता काय लावू? तेल तर मुळीच नको! लोक हौसेने खोबरेल, करंजेल थापतात आणि ओल आत कोंडते. आधी घोडी छपराखाली घ्या, ओली झूल काढा, बरं होईपर्यंत खोगीर बंद. २ ते ४ टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा शाम्पू लावून १० मिनिटं ठेवा, धुवा आणि टॉवेलने अगदी कोरडी करा. हे पुसणं अर्धवट राहिलं की सगळं फुकट. आठवडाभर रोज, मग आठवड्यातून दोनदा. भिजून सुटतील तेवढ्याच खपल्या काढा, ओरबाडू नका, तिला दुखतं. काढलेल्या तबेल्यात टाकू नका, जिवाणू त्यांत टिकून राहतो. हातमोजे घाला. हा काय, नायटा काय, दोन्ही माणसालाही होतात. ताप आला, पाय सुजले किंवा खपल्या पसरत गेल्या तर डॉक्टरांकडून अँटिबायोटिक लागेल.

आयाळ आणि शेपटी घासून घासून उघडी पडली असेल तर ते बारीक चिलटांचं काम. पहाटे आणि तिन्हीसांजेला घोडी आत बांधून पंखा लावा.

मात्र पायाच्या आतल्या बाजूला ओळीने गाठी, त्या फुटून चिकट स्राव, नाकातून घट्ट शेंबूड, असं दिसलं तर घरी काही करू नका. घोडी वेगळी बांधा, हात लावू नका, सरकारी पशुवैद्यकाला बोलवा. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग असू शकतो. २००६ मध्ये पाचगणीच्या घोड्यांत निघाला होता. रक्त हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासतात. माणसाला झाला तर जिवावर बेततं.

घोडी गाभण आहे का, ते लिहिलं नाहीत. असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण नायटाच निघाला तर ग्रिसिओफुल्विन हे त्यावरचं औषध तिला चालत नाही.