काळी म्हणजे कडक नव्हे

अरे, परवा वाशीत ती काळी सिगार बघूनच 'जाम कडक असेल' म्हणत परत ठेवलीस, म्हणून सांगतो. तसल्या काळ्या सिगारला मादुरो म्हणतात; तिच्यावर गुंडाळलेलं पान जास्त दिवस, जास्त उष्णतेत आंबवतात. त्यानं रंग गडद होतो आणि चव उलट गोडसर येते, कोको-कॉफीकडे झुकणारी. फिकट सिगारवरचं कनेक्टिकट शेड नावाचं पान कापडाच्या सावलीत वाढतं, म्हणून फिकं, पातळ, चवीला सायीसारखं मऊ. पण डोकं गरगरवतं ते आत भरलेलं लिगेरो, झाडाच्या शेंड्याकडचं पान. ते बाहेरून दिसणार कसं? कँडेला, म्हणजे हिरव्या पानाची सिगार, मला तरी गवत चघळल्यासारखी लागते. आणि आपल्याकडच्या पावसात सिगार उघड्यावर ठेवू नकोस, बुरशी धरते. पहिली फिकटच घे, तीही जेवून झाल्यावर.