हप्त्यावर नवा लॅपटॉप, की जुन्याचीच डागडुजी?

उदगीरच्या एका ताईंचा प्रश्न: ऑनलाइन सेंटरवरचा २०१६चा लॅपटॉप (सहाव्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क) सुरू व्हायलाच पाच मिनिटं खातो, बॅटरी वीस मिनिटं टिकते. ४५,०००चा नवा बारा महिन्यांच्या 'नो कॉस्ट ईएमआय'वर घ्यावा, की लातूरहून सुटे भाग आणून भावाकडून घरीच बसवावेत? एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) २,८००, ८ जीबी रॅम १,९००, बॅटरी २,४००. हाताशी १८,०००. दुकानात इन्व्हर्टर आहे.

ताई, आत्ता हप्ता नको. नवा पाच वर्षं चालला तरी महिन्याला ७५० रुपये पडतो. दुरुस्तीच्या खर्चाला ७५०नं भागा; तितके महिने जुना चालला की पैसे वसूल. बॅटरी तूर्त राहू द्या. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर लागेपर्यंत वीस मिनिटं पुष्कळ झाली. एसएसडी, रॅम आणि चारशेची केबल व स्क्रूड्रायव्हर मिळून ५,१००, म्हणजे सात महिने. 'नो कॉस्ट' तर नावालाच. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते.

रॅम घेण्याआधी झाकण उघडून जुन्या पट्टीवरचं लेबल वाचा. या पिढीत डीडीआर३एल आणि डीडीआर४ हे रॅमचे दोन्ही प्रकार आढळतात, खाच वेगळी असते, एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. भावाला सांगा, आत हात घालताना सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. स्क्रू ज्या जागेचे त्या जागी कागदावर मांडा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की बोर्डाला किंवा वरच्या पॅनलला भोक पडतं. कीबोर्डची पट्टी ओढायची नाही, आधी तिची खिट्टी उचलायची. टचपॅड वर आला असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगलीय. मग घरी काही करू नका, ती दुकानातच काढून घ्या आणि २,४०० धरून चाला (तेव्हा हिशोब दहा महिन्यांचा).

फाइली आधी पेनड्राइव्हवर काढा. हार्ड डिस्कमध्ये खराब सेक्टर (बिघडलेले भाग) दिसले तर क्लोन, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, करू नका, एसएसडीवर विंडोज नव्यानं टाका.

खरी अडचण वेगळीच आहे. या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. मायक्रोसॉफ्टकडे नावनोंदणी केली तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. लोकांचे आधार आणि पासबुक हाताळणाऱ्या मशिनवर ही तारीख ओलांडू नये. विंडोजऐवजी टाकता येणारी लिनक्स फुकट आहे, पण अंगठ्याचं मशिन त्यावर चालेलच असं नाही.

म्हणून हप्त्याचेच ३,७५० जानेवारीपासून आरडीत टाका. सप्टेंबरअखेर व्याज सोडून ३३,७५०, त्यात उरलेले १२,९०० मिळवले की ४६,६५०. जुलैची पीकविम्याची गर्दी जुन्यावर निघेल, नवा रोखीनं येईल. मध्येच मदरबोर्ड गेला तर त्यावर रुपयाही घालू नका. एसएसडी तेवढी काढून घ्या, यूएसबीच्या केसिंगमध्ये घातली की बॅकअपला चालते.