'लीन' म्हणजे लोन नव्हे, भाऊ

आईच्या खात्यावर 'लीन' लागल्याचा मेसेज आला आणि शब्दकोशात 'सडपातळ' असा अर्थ सापडला, हे तुमचं वाचलं आणि माझा यवतमाळकडचा तो हिवाळा आठवला. भाऊ, तुम्ही पाहिलं ते एल-ई-ए-एन. बँकेचा शब्द एल-आय-ई-एन.

तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला, मूळ लॅटिन 'लिगारे', म्हणजे बांधणं. सांध्यातलं 'लिगामेंट' त्याच घरचं. 'विठ्ठलचरणी लीन' मधला लीन संस्कृत, त्याचा इथं काही संबंध नाही. सरकारी मराठीत याला 'धारणाधिकार' म्हणतात. नोकरीत कायम पदावरच्या हक्कालाही तोच शब्द. माझ्या मते 'दावं' म्हटलं की लवकर कळतं. गाय तुमचीच, पण सोडता येत नाही; तसे खात्यातले पैसे तुमचेच, पण बँकेनं धरून ठेवलेले, काढता येत नाहीत.

मला हे तेव्हा कळलं असतं तर! बँकेच्या काउंटरवर 'लीन आहे' म्हणाले, मी 'लोन आहे' ऐकलं. पीककर्ज मार्चअखेर भरायचं होतं, पण घाबरून डिसेंबरातच, भाव पडलेला असताना, घरातला सगळा कापूस विकला आणि कर्ज फेडलं. पैसे तरी अडकलेलेच. चार खेपा घातल्या, दर खेपेला 'साहेब आल्यावर या'. पाचव्या खेपेला कळलं, चुलतभावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला मी जामीन होतो, दावं त्याचं होतं. हे एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगायला कोणाचं काय जात होतं? त्या कापसाचं दुःख अजून जात नाही.

म्हणून 'कर्ज किती?' विचारू नका. कोणी बांधलं, किती रकमेला, कोणत्या कागदावर, हे विचारा आणि लेखी मागा. सायबर तक्रारीमुळंही रक्कम अशी धरून ठेवतात, तेव्हा वाट पोलिसांकडून जाते. मी वकील नाही, पण 1872 च्या करार कायद्याचं कलम 171 बँकांच्या या हक्काचं आहे, तेवढं कोणाकडून समजून घ्या. कलम 170 कारागिराचं: हिरा घासून दिला, मजुरी मिळेपर्यंत तो ठेवून घेता येतो.

आणखी एक, बाकी फिटली तरी दावं आपोआप सुटेल असं धरू नका. अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोचशिक्का घ्या. त्याआधी आईंची एखादी मुदत ठेव तारण आहे का, त्या कोणाला जामीन आहेत का, हे आज घरीच विचारा.